एकसष्ट खुणा

लिंबायत, सुरत
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

॥ श्री ॥

जो कानांवाचून ऐकतो, जिभेवाचून बोलतो आणि हातांवाचून हे सारे चराचर घडवतो, त्याची कृपा प्रथम तुझ्यावर, मग सूनबाईंवर आणि लहानग्या गायत्रीवर असो. आणि उरलीच तर या पत्रावर असो.

चि. ललित यास नानाचा आशीर्वाद.

तुझा बारडोलीचा पत्ता आपल्या गल्लीतल्या धुडकूने दिला. त्याच्यावर रागावू नकोस. दोन महिने मी त्याच्या ओट्यावर जाऊन बसत होतो आणि काही न मागता उठून येत होतो. शेवटी एके दिवशी त्यानेच विडी विझवून विचारले, "मास्तर, ललितना पत्ता पाहिजे शे का? मंग तोंड उघडीसन सांगा ना." पस्तीस वर्षे मराठी शाळेत मुलांना तोंड उघडायला लावणारा मी, मला मात्र तेवढे सांगता आले नव्हते.

तुझ्या आईला जाऊन पाच महिने झाले. तिला अग्नी देऊन तू स्मशानातूनच परतलास, आणि दहाव्याला आलास तो धुडकूच्या घरी उतरलास. त्याबद्दल माझी तक्रार नाही. हे पत्रही काही मागण्यासाठी नाही; एक वर्तमान कळवावे, इतकाच हेतू.

गेल्या रविवारपासून मी हातांची भाषा शिकायला जातो. पर्वत पाटियाला एका साडीच्या दुकानावरच्या खोलीत वर्ग भरतो. शिकवणारी शीतल नावाची मुलगी आहे, तुझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, तुझ्यासारखीच जन्मतः बहिरी. खोलीत आवाज काढायचा नाही असा तिचा दंडक. चपला बाहेर, शब्द बाहेर. विद्यार्थी आम्ही आठ. बहिऱ्या मुलांच्या सहा आया, बँकेतला एक कारकून, आणि मी. पहिल्या दिवशी प्रत्येकाने सकाळी काय खाल्ले ते हातांनी सांगायचे होते. एका बाईने खमण सांगताना अशी काही कसरत केली की सारे हसले, तीही हसली. माझी पाळी आली तेव्हा मी हात जोडले. मला क्षमा करा, असे म्हणायचे होते. शीतलला वाटले म्हाताऱ्याने नमस्कार केला. तिने उलट नमस्कार केला आणि पुढच्याकडे वळली.

विद्या पक्की झाल्याखेरीज सभेत उघड करू नये, हा माझा नेम तुला ठाऊक आहे. दोन-तीन महिन्यांत हात तयार झाले की बोलेन.

हे मी तुझ्यासाठी करतो असे मात्र मनात आणू नकोस. निवृत्त माणसाला काही उद्योग असावा, एवढेच.

प्रकृतीस जपून असावे.

नाना

लिंबायत, सुरत
रविवार, २९ सप्टेंबर २०२४

चि. ललित यास आशीर्वाद.

पहिल्या पत्राचे उत्तर आले नाही. येईल असे मी धरूनही चाललो नव्हतो. तरी टपालवाला गल्लीत शिरला की पोथी मिटून ओट्यावर यावेसे वाटते.

वर्गात मी अद्याप बोललेलो नाही. नऊ रविवार झाले. घरी अभ्यास नियमाने चालतो. माझ्याजवळ एक वही आहे, तीत खुणा क्रमाने लिहून त्यांची रेखाटने केली आहेत. एकेक खूण माळ हातात घेऊन एकशे आठ वेळा करायची, एखादे बोट चुकीचे वळले तर पहिल्या खुणेपासून पुन्हा आरंभ करायचा. पारायणात एखादा अध्याय अशुद्ध झाला तर मी तो पहिल्या ओवीपासून वाचतो, तसेच हे. वही जुनी आहे. तिच्याविषयी पुढे कधी.

धुडकूने हा प्रकार खिडकीतून पाहिला आणि भर गल्लीत विचारले, "मास्तर, हाई काय देवपूजा शे का?" मी त्याला पद्धत समजावून सांगितली. तो म्हणाला, "तुम्हना हात बोलतस नही मास्तर, पोथी वाचतस." पुढे स्वतःच हसून सांगू लागला, की कापडाचे शंभर लूम चालू असले म्हणजे कारखान्यात देवसुद्धा बहिरा होतो, तिथे 'धागा तुटला', 'चहा आला', 'शेठ आला' हे सारे हातांनीच सांगायचे असते, आणि ज्याचे हात शुद्ध त्यालाच चहा, असा काही तिथे नियम नाही.

तू सतराव्या वर्षी माझे घर सोडून त्याच कारखान्यात का गेलास, हे मला त्या दिवशी कळले. तिथे सारेच बहिरे होते. मी मात्र लोकांना सांगत राहिलो, की मास्तरचा मुलगा असून लूमवर उभा राहिला, कुसंगत लागली.

वर्गात सुषमा नावाची जळगावकडची एक बाई आहे. तिचा मुलगा चार वर्षांचा. एका रविवारी जिना उतरताना ती मला म्हणाली, "काका, तुम्ही काहीच का करत नाही?" मी म्हणालो, "अजून चुकते." तर ती म्हणाली, "माझंबी रोज चुकतं. पण पोराला काय ते बरोबर कळतं. मी चुकीचं बोलायचं थांबले तर त्याच्याशी बोलंल कोण?"

गेल्या रविवारी शीतलने माझ्यासमोर फळ्यावर गुजरातीत लिहिले, "काका, तुम्ही कधी बोलणार?" मी खाली लिहिले, "तयारी झाली की." तिने डस्टर घेऊन माझे उत्तर पुसले, आपला प्रश्न तसाच ठेवला आणि हात मोकळे सोडून माझ्यापुढे उभी राहिली. सगळा वर्ग पाहत होता. मी मान खाली घातली.

घरी येताना मला आपला आरसा आठवला. आता लिहायला घेतलेच आहे तर लिहितो.

चौथ्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत रोज पहाटे मी तुला त्या आरशापुढे बसवले. ओठांपुढे कागदाची पट्टी धरायची, 'प' म्हणताना ती हलली पाहिजे. एक हात माझ्या गळ्यावर, एक तुझ्या. कंप सारखा लागला पाहिजे. तुला काही सांगायचे असले की तुझे हात आपोआप उठत, म्हणून मी तुला हात मांडीखाली दाबून बसायला लावीत असे. खुणा केल्या तर मूल बोलायला आळसते, असे तेव्हाचे जाणते सांगत. मी त्यांच्या आड लपत नाही. त्यांनी हात दाबायला सांगितले नव्हते. तुझी आई एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली होती, "अहो, त्याच्या हातांना मुंग्या येत असतील." मी तिला म्हणालो, "तू तुझे पीठ मळ."

आणि मग तो सप्ताह. माझे पारायण पूर्ण झाले होते, मंडपात तीनशे माणसे होती. मी रचलेली चार चरणांची स्तुती तू म्हणणार होतास. तिची तयारी अकरा महिने चालली होती. तू उभा राहिलास आणि चारही चरण म्हणालास. तुझ्या आईने पदर तोंडाला लावला होता. लोकांनी टाळ्यांसाठी हात उचलले होते. तिसऱ्या चरणात एक 'ळ' उतरला नव्हता. मी हात वर करून सभा थांबवली आणि तुझ्याकडे तोंड करून म्हणालो, "पुन्हा."

नऊ वेळा म्हणालो. नवव्या वेळी तू ओठ मिटलेस. त्याला एकोणीस वर्षे झाली. तुझ्या गळ्यातून त्यानंतर आवाज आलेला कोणी ऐकला नाही.

पितृपक्ष चालू आहे. तुझ्या आईचे पान मी ठेवले. भाजी खारट झाली होती.

नाना

लिंबायत, सुरत
रविवार, १० नोव्हेंबर २०२४

चि. ललित यास आशीर्वाद.

दिवाळी झाली. मी दारात एकच पणती लावली, कारण रांगोळी मला येत नाही आणि जे येत नाही ते मी करीत नाही.

तुझे उत्तर नाही. तरी धुडकू सांगतो की तू पत्रे फाडत नाहीस, कपाटात ठेवतोस. तेवढ्या आधारावर, जे पहिल्याच पत्रात लिहायला हवे होते ते आज लिहितो. त्या पत्रात मी खोटे लिहिले होते. हातांची भाषा मी ऑगस्टच्या आसपास सुरू केली नाही.

प्रत्येक पाठाच्या शेवटी वाचणारा हात जोडून क्षमा मागतो, हे तू लहानपणापासून पाहिले आहेस. एखादे अक्षर गळले असेल, मात्रा चुकली असेल, क्रिया उणी पडली असेल, तर देवा, तू ते पुरते करून घे, असा त्याचा भाव. पूर्वजांनी ही याचना वैकल्पिक ठेवली नाही. ज्याचे वाचन निर्दोष झाले त्याने ती गाळावी, असे कुठेही म्हटलेले नाही. माणूस वाचणार म्हणजे अक्षर गळणारच, हे त्यांनी आरंभीच मान्य करून ठेवले होते. मी चाळीस वर्षे ती क्षमा मागितली. ती मागताना माझे एकही अक्षर गळले नाही, आणि त्याचाच मला अभिमान वाटत असे.

आता तुझ्या आईचे सांगतो.

मागच्या वर्षी दसऱ्यानंतर तिच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि स्वरयंत्र काढले, हे तुला माहीत आहे. तिला लिहून सांगता आले असते, असे तुला वाटले असेल. परिचारिकेने पाटी-पेन्सिल आणूनही दिली होती. तिने ती बाजूला सारली. लग्नानंतर मीच तिला अक्षरे शिकवली होती. ती माहेरी पत्र लिही. ते पेटीत टाकण्यापूर्वी मी लाल शाईने त्यातल्या वेलांट्या सुधारून देई. तिसऱ्या पत्रानंतर तिने लिहिणे सोडले. रुग्णालयात पाटीकडे पाहून तिने माझ्याकडे पाहिले, आणि मला ती लाल शाई आठवली.

तेव्हा तिच्यापाशी उरले ते हात. तुझ्यासाठी तिने जन्मभर जपलेली, मी जिला स्वयंपाकघरातली बडबड म्हणत असे ती भाषा. ती माझ्याकडे पाहून हात हलवी आणि मी समजल्यासारखी मान डोलावी. तिने पाणी मागितले तर मी उशी सारखी केली. तिला कूस बदलायची होती तर मी अंगारा लावला. एकदा तिने डोळे मिटून घेतले, ते दुखण्याने नव्हे.

शनिवारी धुडकू तुला घेऊन येई आणि मी बाहेर जाई. तुला मी नको होतो आणि मला तुझ्यासमोर अडाणी ठरायचे नव्हते. एका शनिवारी दाराच्या काचेतून मी आत पाहिले. तुम्ही दोघे बोलत होता. तुझी आई हसत होती. घशात नळी होती, आवाज नव्हता, तरी खांदे हलत होते. तुम्ही कशावर हसत होता हे मला कधीच कळणार नाही.

वही मी त्याआधीच आणली होती, तिने डोळे मिटून घेतले त्या संध्याकाळी.

परिचारिकेने मोबाइलवर खुणांच्या चित्रफिती लावून दिल्या. रुग्णालयाच्या बोळाच्या टोकाला खिडकी होती, तिथे उभा राहून मी अभ्यास करी. एकेक खूण एकशे आठ वेळा. चुकली की पहिल्यापासून. शंभर खुणा निर्दोष झाल्या म्हणजे तिच्यासमोर बसायचे, असा संकल्प सोडला होता. अर्धवट विद्या घेऊन तिच्यापुढे जाणे मला तिचा अपमान वाटे. खरे तर तो मला माझा अपमान वाटे. शब्द मी सोयीने बदलले होते.

माघ वद्य पंचमीला ती गेली तेव्हा मी एकसष्टाव्या खुणेवर होतो.

त्या एकसष्टांत पाणी होते. दुखते का, हे होते. कूस, झोप, भीती होती. मी इथे आहे, हे होते. त्यांतली एकही तिने पाहिली नाही. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने पाणी मागितले ते मला स्पष्ट कळले, मी चमच्याने दिलेही. पण 'आणखी हवे का' हे हातांनी विचारावे म्हणून बोटे उचलली, आणि पुन्हा खाली घेतली. कारण त्याच सकाळी ती खूण माझ्याकडून बिघडली होती.

चार महिने, ललित. इतका वेळ माझ्यापाशी होता.

हे वाचून तुला माझी दया येऊ नये. तुझा राग योग्य आहे. फक्त तो पुऱ्या वस्तुस्थितीवर असावा, म्हणून लिहिले.

नाना

लिंबायत, सुरत
रविवार, २२ डिसेंबर २०२४

चि. ललित यास आशीर्वाद.

आज थोडक्यात लिहितो, कारण बोटे दुखतात. लिहून नव्हे, बोलून.

आज वर्गात घरातल्या एका माणसाविषयी सांगायचे होते. बँकेतल्या कारकुनाने आपल्या सासूविषयी सांगितले, आणि त्याची सासू की म्हैस हे कोणाला ठरवता येईना, इतके सारे हसले. मग शीतल माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी उठलो. का उठलो ते सांगता येत नाही. कदाचित लिहून टाकलेले पुन्हा लपवता येत नाही, म्हणून असेल.

मी सांगितले: माझी बायको. घसा. आवाज गेला. मी शिकलो. दाखवले नाही. ती गेली.

सहा वाक्ये, त्यांत चार चुका. तिसऱ्या वाक्यावर बोटे अडकली आणि जुन्या सवयीने हात पहिल्या खुणेकडे वळले. शीतलने पुढे होऊन माझी मनगटे धरली, होती तिथून पुढे सरकवली आणि सोडून दिली. तिने एकही चूक सुधारली नाही. पूर्ण झाल्यावर तिने विचारले, नाव काय होते त्यांचे? मी पुष्पा ही अक्षरे बोटांनी जुळवली. त्यातही एक अक्षर उलटे झाले. तिने ते नाव आपल्या हातांनी माझ्याकडे परत केले, जसे मला सांगायचे होते तसे.

सुषमा डोळे पुसत होती. जिन्यात म्हणाली, "काका, आज तुम्ही बोललात." मी म्हणालो, "चार चुका झाल्या." ती म्हणाली, "मोजल्या का तेवढ्यात? धन्य आहे तुमची."

बहात्तराव्या वर्षी मी तीनशे नव्हे, आठ माणसांपुढे चुकलो, आणि छप्पर पडले नाही. हे ज्ञान मला इतक्या उशिरा का झाले, याचा जाब विचारायला जिने यावे ती आता नाही.

धुडकूच्या फोनवर सूनबाईंचा संदेश आला तो त्याने मला दाखवला. "रविवारी घरी असतो," एवढेच तीन शब्द. ते तुझ्या संमतीने आले की तुझ्या नकळत, मला ठाऊक नाही. मी उत्तरायणानंतरच्या रविवारी, १९ जानेवारीस, सकाळच्या बसने येतो. माझे हात तयार झालेले नाहीत. तसाच येतो.

नाना

लिंबायत, सुरत
सोमवार, १७ फेब्रुवारी २०२५
माघ वद्य पंचमी

चि. ललित यास आशीर्वाद.

बारडोलीहून आल्यावर चार आठवडे मी लिहिले नाही. त्या दिवशी तू जे सांगितलेस ते मला नीट समजले की नाही, याचाच विचार करीत होतो. जसे समजले तसे खाली लिहितो. चुकले असेल तर दुरुस्त कर.

बस उसाच्या ट्रॅक्टरांमागे रखडत आली, म्हणून मला उशीर झाला. तू अंगणात सायकलचे चाक उलटे करून बसला होतास. साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये तू वेल्डिंग करतोस असे धुडकू सांगे. तुझ्या मनगटावर भाजल्याचे डाग मी प्रथमच पाहिले. तू उठला नाहीस, आणि जा असेही म्हणाला नाहीस. सूनबाई छाया यांनी पाणी दिले. मी पिशवी खाली ठेवली आणि उभ्यानेच सुरू केले.

बसमध्ये जुळवलेले सारे विसरलो. काय काय चुकले ते मी मोजले नाही. गायत्री दारात उभी राहून पाहत होती. पाच वर्षांची पोर. तिच्या आईबापांच्या हातांत वाढलेली, तिला माझे हात बोबडे वाटले असावेत. तिने मोठ्याने गुजरातीत विचारले, दादा, तुम्हाला हे येत नाही का?

मी म्हणालो, "नाही बेटा. मला येत नाही."

हे वाक्य मी आयुष्यात कोणापुढे उच्चारल्याचे मला स्मरत नाही. ती म्हणाली, "मग हळू करा ना." मी हळू केले.

तू मध्येच हात उचलून मला थांबवलेस आणि विचारलेस: शिकत होता, तर आईला दाखवले का नाही?

मी म्हणालो: चांगले येत नव्हते.

मग जे सांगितलेस ते मला पहिल्यांदा कळले नाही. तू ते चार वेळा सांगितलेस, दर वेळी अधिक सावकाश, आणि तुझ्या कपाळावर एकदाही आठी आली नाही. मला समजले ते असे:

आईला माहीत होते. दाराच्या काचेतून तिला बोळाचे टोक दिसे. तुम्ही खिडकीपाशी उभे राहून हात हलवत होता ते ती रोज पाही. परिचारिकेला सांगून तिने पलंग दाराकडे वळवून घेतला होता. मी आईला म्हणालो, नानांना आत बोलावतो. ती नको म्हणाली. म्हणाली, त्यांना लाज वाटेल. त्यांचा पाठ अजून व्हायचा आहे. झाला की येतील. मी शनिवारी आलो की ती पहिले तेच सांगे, आज ते अमुक खुणेवर आहेत. तुमच्या चुकांवर आम्ही हसायचो. मग ती दाराकडे बघत बसायची.

असेच ना, ललित? पलंग वाऱ्यासाठी वळवला, असे मी समजत होतो.

तुम्ही कशावर हसता हे मला कधी कळणार नाही, असे मी तुला लिहिले होते. तुला तेव्हाच उत्तर ठाऊक होते आणि ते तू लिहून धाडले नाहीस. समोर उभा राहीपर्यंत थांबलास. ते क्रौर्य होते की दया, हे मी ठरवू शकलो नाही. दोन्हींचा मी धनी आहे.

त्यानंतर तू आत गेलास. मी ओसरीवर बसून होतो. सूनबाईंनी चहा आणला, माझ्याशेजारी बसल्या, आणि काहीही न विचारता माझा कप रिकामा झाल्यावर घेऊन गेल्या. मग तू चपला घालून बाहेर आलास आणि बसस्थानकापर्यंत माझ्या पुढे चालत राहिलास. एकदाही मागे पाहिले नाहीस. फक्त चौकात उसाचा ट्रॅक्टर आडवा आला तेव्हा माझ्या छातीपुढे हात धरलास, आणि तो गेल्यावर काढून घेतलास. बस सुटली तेव्हा तू पाठमोरा होतास.

आज तुझ्या आईचे वर्षश्राद्ध झाले. तू येशील असे मी कोणाला म्हटले नव्हते, तरी पान एक जास्त मांडले होते. मंत्र गुरुजींनी म्हटले. एके ठिकाणी ते अडखळले, मी ऐकले आणि गप्प राहिलो. सारे उठून गेल्यावर मी तिच्या तसबिरीपुढे बसलो. वही उघडली नाही. तिला विचारले, पाणी हवे का. दुखते का. सांगितले, मी इथे आहे. मी बाहेरच उभा होतो. तुझ्याकडे यायला घाबरत होतो. या 'घाबरत' वर उजवा हात चुकला. मी थांबलो नाही, पुढे बोलत गेलो, येते ते आणि येत नाही तेही, दुपार कलेपर्यंत. तसबीर उत्तर देत नाही हे मला कोणत्याही शास्त्राने शिकवायला नको. ती वाट पाहत होती तेव्हा मी बारा पावलांवर होतो. आज माझे हात बोलतात आणि ती कुठेच नाही. हे उणे कोणी पुरते करून घेणार नाही. ते तसेच राहील, आणि मी त्याच्यासह राहीन.

तुझ्याकडे क्षमा मागत नाही. मागायला मी लायक नाही म्हणून नव्हे. ती देण्याचे ओझे तुझ्यावर नको म्हणून. एवढेच कळवतो, की पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मी बसने येईन. अंगणात उभा राहीन. मला येते तेवढे बोलेन, तू सांगशील त्यातले निम्मे चुकीचे समजेन, आणि विचारीन. तुला नको असेल तर तेही मला तोंडावर हातांनीच सांग. 'येऊ नका' ही खूण मला ओळखता येते. मी परत फिरेन, आणि तू माझ्याशी बोललास असे समजेन.

हे पत्र तू वाचशील, सूनबाई वाचतील, अक्षरे जुळवता आली की कधी गायत्री वाचेल. आणि आणखी ज्या कोणाच्या नजरेखाली ते जाईल, त्या सर्वांना या म्हाताऱ्याचा आशीर्वाद आहे. तुम्हाला जे अर्धेमुर्धे येते ते ज्याच्यासाठी शिकलात तो समोर असतानाच तुमच्या हातून घडो. तुमच्या चुका पाहणारे डोळे तुमच्यावर प्रेम करणारे असोत. तुमच्या दाराबाहेर कोणी संकोचून उभा असेल तर त्याला आत यायचे धैर्य मिळो, आणि तुम्ही आत वाट पाहत असाल तर तुमचे माणूस वेळेवर येवो. सर्वांचे कल्याण असो.

नाना